ओठावरची नोकरी

क्लॅरनेट बोटांनी वाजतं असं बघणाऱ्याला वाटतं. वरातीत मुलं माझ्या बोटांकडे टक लावून बघतात. पण बोटं नुसती भोकं झाकतात आणि चाव्या दाबतात. वाजवतो तो खालचा ओठ. तो दातांवरून आत मुडपायचा, त्याची गादी करायची आणि त्या गादीवर वेताची पातळ पत्ती टेकवायची. तिला आम्ही रीड म्हणतो. वरचे दात तोंडाशी धरायच्या तुकड्यावर रोवायचे आणि तोंडाचे दोन्ही कोपरे असे आवळायचे की सगळी फुंकर आतच जाईल. ओठ ढिला पडला की सूर उतरतो, जास्त आवळला की वाद्य चिरकतं. एवढ्याशा मांसाच्या पट्टीवर माझा संसार उभा राहिला.

त्यामुळे मी कधी निवांत झालो नाही. पावसाळ्यात रीड फुगते, वैशाखात तडकते. थंडीत ओठ फुटतात. दात दुखला तर दुसऱ्यांना जेवणाची काळजी पडते, मला रविवारच्या लग्नाची. तिखट जाळ रस्सा पानात आला की आमच्या खान्देशातला माणूस हरखतो. मी आधी उद्याची तारीख आठवतो. बायको म्हणायची, तुमच्याशी लग्न केलं की तुमच्या ओठाशी, तेच कळत नाही.

मी अमळनेरकडचा. सुरतेत डिंडोलीला काकाकडे आलो तो पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये लागायला, आणि लागलोही. पण गावच्या बँडमध्ये शिकलेलं क्लॅरनेट बरोबर आणलं होतं. शेजारच्या गल्लीत हिलालआबांचा बँड होता. त्यांनी एकदा ऐकलं आणि मला मिलमधून काढून रस्त्यावर आणलं, असं माझी आई शेवटपर्यंत म्हणत राहिली.

बँडमध्ये गाणं क्लॅरनेट म्हणतं. ट्रम्पेट त्याला ठसका देतात, ढोलताशे नाचवतात, पण शब्द असल्यासारखी चाल ऐकू येते ती क्लॅरनेटमधून. म्हणून क्लॅरनेटवाल्याला सगळे मास्तर म्हणतात, आणि चूक झाली की ती मास्तरचीच असते.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एका सुरती शेठच्या मुलीच्या लग्नात शेठने मला बाजूला घेऊन बजावलं, "मास्तर, विदायमां रडवानुं कंई नी वगाडता." पाठवणीला रडवणारं काही वाजवायचं नाही, कारण शेठाणीचं हृदय नाजूक होतं, डॉक्टरांनी जपायला सांगितलं होतं. त्याऐवजी गरबा. मी बरं म्हटलं, पण पाठवणीला गरबा वाजवलेला माणूस मी ऐकला नव्हता. मुलगी गाडीत बसायला निघाली, मी गरबा धरला, आणि शेठाणी भरजरी साडी सावरत थेट माझ्यासमोर आल्या. म्हणाल्या, "आज नी रडुं तो क्यारे रडुं?" आज नाही रडायचं तर कधी? शेठ मागून हातांनी नको नको करत होते. बाईंना काही झालं तर कुणाच्या माथी, हे मला ठाऊक होतं. तरी मी पाठवणीची चाल घेतली. त्या पोटभर रडल्या, आणि मी सबंध वेळ एक डोळा त्यांच्या छातीवर हात जातो का याकडे ठेवून वाजवलं. काही झालं नाही. पण त्या दिवशी मी किती वाईट वाजवलं ते माझं मला माहीत.

लग्नं नसत तेव्हा शिकवायचो. एका शाळेच्या बँडला, आणि घरी पुढच्या खोलीत. शाळेतली मुलं घरी अहिराणी, मैदानावर हिंदी आणि अडचणीत गुजराती बोलतात. पहिल्या दिवशी सगळ्यांचं एकच असतं: "सर, आ नी वागे!" वाजत नाही. वाजणारच नाही, कारण ते जोर लावतात. क्लॅरनेटला जोर नको, धरबंद हवा. हे कळायला काहींना महिना लागतो, बहुतेकांना तेवढा दम नसतो.

वैशालीला होता. शाळेच्या बँडमधून ती आली आणि शाळा संपली तरी येतच राहिली. पुढे ती एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात माल तपासायला लागली. सुटून आली की दोन घोट पाणी पिऊन वाजवायला बसायची. तिचे वडील भगवानभाऊ पांडेसऱ्यात रंगाच्या मशीनवर. त्यांनी शिकायला ना म्हटलं नाही, पण सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं, शिकू द्या, बँडमध्ये नाही. मीही मान डोलावली होती. आमच्या बँडमध्ये बाईमाणूस कधी नव्हतंच.

आता जे सांगणार आहे ते करोनाच्या नंतरचं. मार्गशीर्ष संपत आला होता, कमुरता लागला होता. गुजरातेत धनुर्मासाला कमुरता म्हणतात. त्यात लग्नं नसतात, उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, पतंग उडाले की लग्नसराई पुन्हा उघडते. बँडवाल्यांचा तो विश्रांतीचा महिना. सकाळी उठून मी चूळ भरली आणि पाणी आपोआप डाव्या कोपऱ्यातून सदऱ्यावर सांडलं. वाटलं, झोप गेली नाही अजून. परत चूळ भरली. परत सांडलं.

स्वयंपाकघरातून माझी बायको कमल आली आणि तिच्या हातातला तांब्या खाली पडला. "काय व्हई गयं तुमना तोंडले?"

आरशात बघितलं. माझा अर्धा चेहरा माझा होता. डावी बाजू कुणीतरी खाली ओढल्यासारखी लोंबत होती. डावा डोळा मिटत नव्हता. मी शीळ घालायचा प्रयत्न केला. नुसती हवा गेली. कमल लकवा, लकवा म्हणून रडायला लागली. मी हात वर केले, पाय उचलून बघितले. ते चालत होते. त्याचा मला आनंद झाला नाही. खरं सांगतो, त्या क्षणी कुणी म्हटलं असतं की पाय घेतो, ओठ देतो, तर मी विचारात पडलो असतो.

उधन्याचा डॉक्टर तरुण होता. त्याने कपाळाला आठ्या घालायला सांगितलं, गाल फुगवायला सांगितलं. मग म्हणाला, मेंदूचा लकवा नाही, चेहऱ्याची नस सुजली आहे. गोळ्या, डोळ्यात थेंब, झोपताना डोळ्यावर पट्टी आणि आरशासमोर व्यायाम. बहुतेकांचं सुधारतं. बहुतेक हा शब्द मला आवडला नाही.

"मी क्लॅरनेट वाजवतो," मी म्हणालो. "उत्तरायणानंतर लग्नं आहेत."

"काका, पहेलां मोढुं तो सीधुं थवा दो," तो म्हणाला. आधी तोंड तर सरळ होऊ द्या.

मी दिवसभर आरशासमोर बसू लागलो. गाल फुगवायचा, हवा गळायची. हसायचं, अर्धंच हसू यायचं. प, फ, ब, भ नीट उमटत नव्हते. 'बँड' म्हटलं की 'वँड' ऐकू यायचं. शिकवणी बंद केली. वाजवून दाखवता येत नव्हतं आणि गाऊन दाखवायला तोंड नव्हतं. वैशाली तरी यायची. मी कोपऱ्यात मफलर गुंडाळून बसायचो, ती वाजवायची. चुकली की मी हात वर करायचो. दुसरं काही करता येत नसल्यामुळे मी पहिल्यांदाच तिचं वाजवणं पूर्ण ऐकलं. एरवी मी मध्येच माझं वाद्य उचलायचो. तिच्या वरच्या स्वरांना माझ्या स्वरांसारखी धार नव्हती. ते गोल होते. मला ते आवडले आणि लगेच धास्तीही वाटली. कशाची, ते मी स्वतःलाही नीट सांगितलं नाही.

हिलालआबा भेटायला आले. डाळिंबं घेऊन आले, तेव्हाच मला कळायला हवं होतं. आबांनी आयुष्यात कधी कुणाला फळं दिली नव्हती. खूप वेळ स्वतःच्या गुडघ्यांबद्दल बोलले. मग म्हणाले, "तू आराम कर, आत्माराम. तोपर्यंत मी कीबोर्डवाला बघितलाय. इच्छापोरला कंपनीत कंत्राटावर आहे, सुट्टीला वाजवतो. त्याच्या कीबोर्डात क्लॅरनेटचं पण बटण आहे."

त्यांचा दोष नव्हता. एक बटण दाबलं की मी. ना ओठ फुटायची भीती, ना रीड. मीही आबांच्या जागी हेच केलं असतं, आणि हे समजत असल्यामुळे मला रागावताही येईना.

पण चार दिवसांत आबा परत आले, यावेळी रिकाम्या हाताने. उत्तरायणानंतरचं पहिलंच लग्न डिंडोलीतलं होतं. नवरदेवाची आत्या रुख्माबाई. भाऊ गेल्यावर तिनेच भाच्याला वाढवलेलं. बँड तिने ठरवला होता, तोही क्लॅरनेट आहे म्हणून. आबांनी तिला कीबोर्डचं सांगितलं, तर बाई म्हणाल्या, "पेटीच ऐकनी व्हती ते मी मोबाइलवर लाई देती ना." क्लॅरनेट नसेल तर बँड नको. आणि रुख्माबाईने नको म्हटलं की अर्ध्या डिंडोलीने नको म्हटलं, हे आबांना माहीत होतं. सुरतेत दुसरे क्लॅरनेटवाले उरलेत किती? जे आहेत ते त्या दिवशी आधीच कुठेतरी बांधलेले.

वैशालीचं नाव माझ्या जिभेवर होतं. ते मी लगेच घेतलं नाही. आबा गेले, मी रात्रभर पट्टी लावलेला डोळा आणि उघडा डोळा घेऊन पडून राहिलो. तिला उभी केली आणि ती वाजली नाही, तर तिचं आयुष्यभराचं हसं. वाजली, तर माझं काय? आणि वरात म्हणजे शाळेचं मैदान नव्हे. दारू पिऊन नाचणारे, अंगावर येणारे, नोटा तोंडासमोर धरून वाजवणाऱ्याला ओठांनी त्या उचलायला लावणारे. मी शेकडो उचलल्या होत्या. तिच्या तोंडासमोर कुणी तशी धरली तर?

सकाळी मी भगवानभाऊंच्या दारात गेलो. ते पाळी संपवून आले होते, बोटांच्या पेरांत निळा रंग. माझं तोंड बघून त्यांनी आधी बसायला दिलं, चहा दिला. तो मी रुमाल धरून प्यायलो. मग तोंडातून जमेल तसं सांगितलं. वैशाली दारामागे उभी होती.

भगवानभाऊंनी माझा रिकामा कप बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मास्तर, तुमनी पोर ऱ्हाती ते तुम्ही तिले बँडमा धाडतात का?"

मला मुलगी नाही. त्यामुळे हो म्हणणं फार सोपं होतं, आणि म्हणूनच मला ते म्हणवेना. मी म्हणालो, "माहीत नाही, भाऊ. भीती वाटली असती."

"आते वाटस ना?"

"आता पण वाटते."

ते वैशालीकडे वळले. "तुले जानं शे का?"

ती बाहेर आली. तिने माझ्याकडे बघितलं नाही. "हो," म्हणाली. "पण घाबरले तर तुम्ही दोघांनी रागवायचं नाही."

भगवानभाऊंनी एकच अट घातली, वरातीत ते तिच्या बरोबर चालणार. पाळी बदलून घेतली. कमलने माझा बँडचा लाल कोट आत घालून वैशालीच्या मापाचा केला. सुई चालवताना ती एकदाही माझ्याकडे बघत नव्हती, ते माझ्या ध्यानात आलं. आबांनी कीबोर्डवाल्यालाही बोलावून ठेवलं, न जाणो म्हणून. त्या न जाणोचा वैशालीला राग आला आणि मला आधार वाटला.

वरात दुपारची होती. जनरेटरची गाडी पुढे, मग बँड, मग नाचणारे, मागे नवरदेव. मी बिनकोटाचा, मफलर गुंडाळून वैशालीच्या एका बाजूला, भगवानभाऊ दुसऱ्या बाजूला. तिने सुरुवात केली आणि पहिल्या दोन गाण्यांत माझी बोटं खिशात तिच्याबरोबर चालत होती. ती वाजली. बायका कठड्यांवरून वाकून बघत होत्या. पोरगी शे, पोरगी शे, असं एका घरातून दुसऱ्या घरात जात होतं. मला त्यातलं काहीच सुखाचं वाटत नव्हतं. मी फक्त पुढचं वळण बघत होतो, कारण वळणावर वरात थांबते आणि नाचणारे बँडवर येतात.

तिथेच झालं. नवरदेवाचा कुणी चुलतभाऊ, डोळे लाल, हातात नोट. नाचत नाचत तो वैशालीसमोर आला आणि ती नोट तिच्या ओठांपाशी हलवू लागला. मागचे शिट्ट्या मारू लागले.

मी शिकवताना पहिल्या दिवसापासून सांगत आलो की काही झालं तरी वाजवणं थांबवायचं नाही. गाय आडवी आली, भांडण लागलं, पाऊस आला, तरी चाल चालू ठेवायची, कारण क्लॅरनेट थांबलं की वरात मोडते. वैशालीने वाद्य तोंडातून काढलं, उभं धरलं आणि थांबली.

ढोल काही वेळ एकटे बडवले गेले, मग तेही विझले. एवढी गर्दी आणि फक्त जनरेटरचा आवाज. "वाजाड ना," तो हसत म्हणाला. भगवानभाऊ पुढे सरकले. मी त्यांचा दंड धरला, आणि धरल्यावर कळलं की मला त्यांना अडवायचं आहे की त्यांच्यासोबत जायचं आहे, हे मी ठरवलेलंच नाही. आबा गाडीपाशी कपाळाला हात लावून उभे. एक ठोसा, की लग्न, बँड, पोरगी, सगळं एकदम संपलं असतं.

रुख्माबाई मागून गर्दी फोडत आल्या. चेहरा बघून मला वाटलं बँडवरच ओरडणार. त्यांनी त्या चुलतभावाच्या हातातून नोट काढून घेतली, ती वैशालीच्या डोक्यावरून ओवाळली आणि तिच्या हातात ठेवली. मग त्याच्याकडे वळून, ओरडून नव्हे, साध्या आवाजात म्हणाल्या, "जाय. घर जाईसन तोंड धुई ये." तो दोन पावलं मागे गेला आणि गर्दीत मिसळला. बाईंनी हात धरून दोन-तीन बायकांना पुढे ओढलं. "पोरीना आंगे तुम्ही नाचा," म्हणाल्या. पोरीजवळ तुम्ही नाचा. आणि वैशालीला, "बेटा, वाजाड."

आता खरी भीती होती. माणूस घाबरला की तोंड कोरडं पडतं आणि कोरडी रीड वाजत नाही. वैशालीने रीड जिभेवर घेतली, ओली केली. सगळे थांबले होते. पहिला सूर चिरकला. मी डोळे मिटले, एकच मिटला. दुसरा सूर लागला. मग गाणं आलं, आणि मी भगवानभाऊंचा दंड सोडला.

मांडवाच्या दारात वाजवणं संपल्यावर ती माझ्याकडे आली. "सर, मी थांबवलं म्हणून चिडलात?"

"नाही."

"मग तोंड असं का केलंय?"

"तोंड सध्या असंच आहे," मी म्हणालो. ती आधी घाबरली, मग तोंडावर हात ठेवून हसली, आणि हसता हसता रडली. भगवानभाऊ पाण्याची बाटली उघडून उभे होते. तिला द्यायची ते विसरून स्वतःच प्यायले.

कीबोर्डवाला जेवून इच्छापोरला गेला. आबांनी वैशालीला पुढची लग्नं दिली. भगवानभाऊ जमेल तिथे बरोबर येत. जमलं नाही तर तिची आई. मी घरी आरशासमोर.

होळीच्या सुमारास डावा डोळा मिटू लागला. चूळ सांडायची थांबली. मी दार लावून क्लॅरनेट जोडलं. आधी फुसफूस, मग मधला सूर आला, थरथरता, पण माझा. कमल पोळ्या टाकून दारात येऊन उभी राहिली. परत गेली तेव्हा तव्यावरची पोळी करपली होती आणि ती तिने मुकाट्याने स्वतःच्या ताटात घेतली.

वैशाखात मी परत कोट घातला. आबांनी मला पुढे, नेहमीच्या जागी उभं केलं. वैशाली आपण होऊन एक पाऊल मागे गेली आणि मला बरं वाटलं. हे लपवत नाही, मला फार बरं वाटलं.

वरात निघाली. अर्धं गाणं छान गेलं. मग चाल वर चढली, तिथे ओठ आवळायला गेलो आणि डावा कोपरा सुटला. हवा गळाली. सूर जाणार हे कळत होतं. तो गेला नाही. मागून वैशालीने तो घेतला होता, इतक्या अलगद की नाचणाऱ्यांचा एक पायही चुकला नाही. चाल खाली आली तशी तिने मला परत दिली. पुढच्या वेळी वर चढताना मी वाट बघितली नाही, सोडून दिलं, आणि तिने घेतलं. सबंध वरातभर असंच चाललं. लोकांनी दोन क्लॅरनेटं ऐकली आणि आबांना वाटलं आम्ही तालीम केली आहे.

घरी जाताना वैशाली आणि भगवानभाऊ माझ्याबरोबर चालत होते. मीच म्हणालो, "वरचं तू घेत जा. खालचं मी बघतो."

"कायमचं, सर?"

"नाही गं. ही लग्नसराई संपेपर्यंत."

त्यानंतर आणखी दोन लग्नसराया झाल्या. तिने परत विचारलेलं नाही, आणि मी खालचंच बघतो.